सेल काढलेला पट्टा

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. अशा पानांवरची प्रत्येक गोष्ट 'अगदी खरी' असते आणि नेमकी अमावास्येच्या रात्री बारालाच घडते. इथे रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. पिंपळही नव्हता. भाद्रपदातली लख्ख दुपार होती. गाव अमळनेर. दिवस गेल्या वर्षीच्या संवत्सरीचा.

रूपल माझी मावसबहीण. जे झालं ते तिनेच मला सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, कधी फोनवर, कधी माझ्या धुळ्याच्या घरी चहा गार होईपर्यंत. मी फक्त ते एका ओळीत लावते आहे.

रूपलचं सासर कापसाच्या व्यापाऱ्याचं. सासरे इंदरचंदजी. घरात सगळे त्यांना बाबूजी म्हणत. त्यांची सारी हयात कापूस घेण्यात गेली. पूर्वी बोरी नदीच्या पलीकडच्या खेड्यांतून बैलगाड्या भरून कापूस यायचा. फरशीवर, म्हणजे नदीतल्या त्या बुटक्या पुलावर, पाणी असलं की गाड्या पलीकडच्या काठालाच थांबायच्या. इकडचे व्यापारी पाणी उतरायची वाट बघत बसायचे. बाबूजी मात्र धोतर खोचून पलीकडे जायचे आणि तिथल्या तिथे सौदा करून यायचे. इंदरचंदच्या आधी तिथे फक्त नदीच पोचते, असं बाजारात म्हणायचे.

म्हातारपणी हाच माणूस विसरायला लागला.

आधी नावं गेली. मग रस्ते गेले. मग एक दिवस पोटच्या मुलाला, जिनेशला, त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "आपण कोणाकडचे?"

जिनेश त्या दिवशी जेवला नाही.

दोन गोष्टी मात्र त्यांच्या डोक्यातून हलल्या नाहीत. एक, धर्माची सूत्रं. ती झोपेतही बिनचूक म्हणायचे. आणि दुसरी, त्या गाड्या. दुपार कलली की बाबूजी उठून उभे राहायचे.

"गाड्या आल्या असतील," म्हणायचे आणि निघायचे.

दार लावलं तर दाराशी उभे राहायचे. डोळा चुकला की गेलेच. एकदा एरंडोलच्या एसटी स्टँडवर सापडले, कंडक्टर भला होता म्हणून. एकदा बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात सापडले, तेही दुसऱ्या दिवशी, ओठ सुकलेले, पायात काटे. त्यांना घरी आणून रूपल त्यांच्या पायातले काटे काढत बसली होती, आणि ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत विचारत होते, "बेटा, तुझं घर कुठे? चुकलीस का?"

त्यानंतर तो पट्टा आला.

धुळ्याला विक्रम म्हणून एक जण आहे. रेडिओचा नाद असलेला माणूस. असे हरवणारे म्हातारे, हरवणारी पोरं यांच्यासाठी तो हातात बांधायचे पट्टे बनवतो. आत एक बारीक यंत्र आणि बटनासारखा चपटा सेल. मोबाइल नको, रेंज नको. पट्टा रात्रंदिवस एक इशारा सोडत राहतो. माणूस हरवला की आपण दुसरं यंत्र हातात घ्यायचं, त्याला लहानशी अँटेना असते. ती फिरवत जायची.

टक… टक… टक…

जिकडे आवाज मोठा, तिकडे आपला माणूस. जसं जवळ जाल तसा आवाज वाढतो.

"भाभी, प्रत्येक पट्ट्याची लहर वेगळी असते," विक्रमने सांगितलं होतं. "या यंत्रात फक्त तुमच्या बाबूजींचाच आवाज येणार. दुसऱ्या कुणाचा येऊच शकत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

पट्ट्याने वर्षभर चांगलं काम केलं. बाबूजी निघाले की रूपल यंत्र घेऊन मागोमाग. गल्लीतल्या बायका आधी हसायच्या. "निघाली बाई सासऱ्याचं स्टेशन लावायला!" म्हणायच्या. रूपलही हसायची. पण बाबूजी दर वेळी सापडायचे. ती त्यांचा हात धरून म्हणायची, "बाबूजी, गाड्या गेल्या. चला घरी." आणि ते मुकाट्याने यायचे.

मग संवत्सरी आली.

जैनांच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. बाबूजी दर वर्षी या दिवशी पौषध करत. म्हणजे एक दिवस नि एक रात्र साधूसारखं राहायचं. मुक्काम स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनागृहात. निर्जळी उपास. अंगावर पांढरे कपडे, तोंडावर पांढरी मुहपत्ती, पायात काही नाही. बसायच्या आधी लोकरीच्या पुंजणीने जागा हळूच झाडायची, एखादी मुंगीही मरू नये म्हणून. आणि विजेची, बॅटरीची कुठलीच वस्तू अंगावर चालत नाही. सेलचं घड्याळसुद्धा नाही.

सकाळी बाबूजी पांढरे कपडे घालून तयार झाले. मुलाला न ओळखणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं.

"हे काय आहे? यात सेल आहे?"

रूपलला खोटं बोलता आलं असतं. नाही, असं म्हटलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. पण संवत्सरीच्या सकाळी, व्रताला बसणाऱ्या सासऱ्याशी खोटं कोण बोलेल?

"आहे, बाबूजी."

"मग काढ."

तिने जिनेशकडे पाहिलं. जिनेश म्हणाला, "काढ गं. स्थानकात एवढी माणसं असणार. मी दिवसभर सोबत आहे. जातील कुठे?"

तिने पट्टा काढला. सेल काढून वेगळ्या डबीत टाकला. दोन्ही वस्तू आपल्या कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.

स्थानकात साध्वीजींपुढे बाबूजींनी हात जोडून व्रत घेतलं. आणि दर वर्षीसारखी एक मर्यादाही घेतली, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. "उद्याचा सूर्य उगवेपर्यंत बोरी नदी ओलांडणार नाही."

सगळे म्हणाले, धन्य आहे. सगळं विसरले, पण नियम नाही विसरले. रूपलच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी जिनेशचा फोन आला.

"बाबूजी घरी आलेत का?"

झालं होतं ते इतकं साधं होतं. पौषधवाले संडास वापरत नाहीत, मोकळ्या जागेवर जातात. जिनेश बाबूजींना नदीकाठी घेऊन गेला. बाप बसला म्हटल्यावर मुलाने पाठ फिरवली. कुणीही फिरवली असती. थोडा वेळ थांबला. आणखी थोडा वेळ थांबला. हाक मारायचा संकोच वाटला.

मग वळून पाहिलं…

बाभळी होत्या. बाबूजी नव्हते.

रूपलने फोन ठेवला आणि सवयीने यंत्राकडे धावली. बटण दाबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, पट्टा तर कपाटात आहे! कपाळावर हात मारून ती यंत्र बंद करणार, तेवढ्यात…

टक… टक… टक…

आता कपाटातला पट्टाच वाजणार, दुसरं काय? काखेत कळसा नि गावाला वळसा, असं तिच्या मनात आलंही. तिने अँटेना कपाटाकडे धरली.

आवाज गेला.

तिने अँटेना खिडकीकडे फिरवली. नदीच्या दिशेला.

टक… टक… टक…

तिने कपाट उघडलं. पट्टा होता तिथेच होता. डबीत सेल. तिने सेल तळहातावर घेतला. थंडगार होता.

यंत्र वाजतच होतं.

ती तशीच धावत सुटली. नदीवर पोचली तेव्हा काठावर समाजाची पंधरावीस माणसं जमली होती. जिनेशचा चेहरा पांढराफटक. नदीला घोट्याएवढं पाणी, फरशी उघडीच होती. रूपलने अँटेना इकडे फिरवली, तिकडे फिरवली. गावाच्या बाजूला काहीच नाही. पलीकडच्या काठाला धरली की यंत्र मोठ्याने वाजायचं. सगळ्यांनी ऐकलं. जिनेशनेही ऐकलं.

"पलीकडे आहेत," रूपल म्हणाली. "चला."

कुणी हललं नाही.

"सुनबाई," एक वडीलधारे म्हणाले, "पलीकडे कसे असतील? सकाळीच मर्यादा घेतलीय त्यांनी. इंदरचंदजी मरतील, पण नियम मोडणार नाहीत."

"अहो काका, त्यांना स्वतःचा मुलगा आठवत नाही!"

"मुलगा वेगळा. धर्म वेगळा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सांगते ना, त्या काठावर एकही माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचा त्या म्हाताऱ्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच त्याचा घात केला.

जिनेशने विक्रमला फोन लावला, स्पीकरवर. विक्रम म्हणाला, "सेल काढलाय? मग आवाज येणं शक्यच नाही, जिनेशभाऊ. कसलीतरी भलतीच लहर पकडतंय. त्याच्या नादी लागू नका, वेळ जाईल."

"विक्रमभाऊ, तुम्हीच म्हणाला होता ना, दुसऱ्या कुणाचा येऊच शकत नाही?" रूपल ओरडली.



विक्रम म्हणाला, "हो. तेही खरंय."

मंडळी पांगली. कुणी स्टँडवर, कुणी देवळांत, कुणी जुन्या जिनिंगमध्ये. सगळी नदीच्या अलीकडे. काठावर दोघंच उरली. रूपलने जिनेशचा हात धरला. "एकदा, फक्त एकदा पलीकडे जाऊन येऊ."

जिनेश तयारही झाला. पण वर कुठेतरी पाऊस झाला असावा. बोलता बोलता पाणी गढूळ झालं आणि फरशीवर चढायला लागलं. लाल पाणी, त्यात काटक्या नि फेस.

"मोठ्या पुलावरून जाऊ," जिनेश म्हणाला. "गाडी काढतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्टेशनवर पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा बसलाय, तोंडाला फडकं आहे, लवकर या.

रूपलने पलीकडे बघितलं. काठाला, बाभळींच्या बुडाशी, काहीतरी पांढरं होतं.

"ते काय आहे?"

"बगळे असतील. चल लवकर!"

ती गेली. मोटरसायकलवर मागे बसून, मान वळवून बघत गेली. पांढरं हललं नाही. बगळा असता तर चढतं पाणी बघून उडाला असता, हे तिला स्टेशनवर पोचल्यावर सुचलं.

स्टेशनवरचा म्हातारा भलताच कुणीतरी होता. चोपड्याचा. दातदुखीने फडकं बांधून बसला होता.

परत येईपर्यंत दिवस मावळला. बोरी दोन्ही काठ भरून चालली होती. मोठ्या पुलापलीकडच्या रस्त्यावर माणसं पाठवली, पोलिसांना सांगितलं, बॅटऱ्या मारल्या. पण पलीकडच्या काठाची वाट पाण्याखाली गेली होती. रूपल गच्चीवर यंत्र घेऊन उभी राहिली. आवाज येत होता. एकाच जागेवरून. मागे नाही, पुढे नाही.

खाली गल्लीत लोक प्रतिक्रमण, म्हणजे प्रायश्चित्ताची प्रार्थना, करून परतत होते. एकमेकांना हात जोडत होते. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा. दारोदार तेच वाक्य.

तेवढ्यात…

यंत्र थांबलं.

तिने यंत्राचे सेल बदलले. अँटेना चारी दिशांना फिरवली. काही नाही. ती तिथेच गच्चीवर बसली, आणि तिला कळलं. कुणी सांगायच्या आधी कळलं.

पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला. जाग आली ती आवाजाने.

टक… टक…

यंत्र तिच्या उशाशी होतं. उजाडलं होतं. समोरच्या घराच्या पत्र्यावर नुकतं ऊन आलं होतं.

टक… टक… टक…

आवाज वाढत होता. ती जागची हलली नव्हती, अँटेना फिरवली नव्हती. तरी वाढत होता. म्हणजे आवाज तिच्याकडे येत होता. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. मध्येच थांबत, परत येत.

"बाबूजी आले!" ती ओरडली आणि जिना उतरून धावली.

दार उघडलं.

ओटा रिकामा होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. यंत्र हातात कर्कश वाजत होतं, अगदी जवळ माणूस असल्यावर वाजतं तसं. आणि त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. अगदी हलका.

सर्र… सर्र…

कुणीतरी पुंजणीने जागा झाडत होतं.

तिने खाली पाहिलं. ओट्यावर रात्रभर उडून बसलेल्या कचऱ्यात एक चौकोन स्वच्छ झाडलेला होता. एका माणसाला बसता येईल एवढा. आणि ओला.

"बाबूजी?"

यंत्राचा आवाज तिच्या अंगावरून आत गेला. आत, त्यांच्या खोलीकडे.

जिनेश जिन्यात उभा होता. त्याच्या कानाला फोन होता.  नदीत खाली, वळणावर, बाभळीत अडकलेलं शरीर सापडलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, काल संध्याकाळीच गेले असावेत.

खरी गोष्ट कळली ती तिसऱ्या दिवशी, दुखवट्याच्या बैठकीला. पलीकडच्या खेड्यातली, तिथल्याच शेतात मजुरी करणारी बेबाबाई आली आणि दाराबाहेरच बसली. रूपल तिच्याजवळ गेली तर ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"वहिनी, मी त्यासले देखं व्हतं. दिन बुडाले जायेल व्हता. काठवर बशेल व्हतात. धवळा कपडा, तोंडले पट्टी. माले वाटनं, तुमना महाराज शेत."

"काही बोलले?"

"बोलनात नही. मी म्हनं, बाबा, पानी चढी ऱ्हायनं, वर चला. त्यासनी नुसता हात हालावा. बुडता दिन दखाडा, मंग उगवतीकडे बोट करं. आन् हात जोडात."

रूपलला सगळं उलगडलं. गाड्या आल्या असतील म्हणून बाबूजी व्रत विसरून नदी उतरून गेले. पलीकडे ना गाड्या होत्या, ना बैल. आणि तिथे, त्या काठावर, त्यांना आठवलं. नेमकं तिथेच आठवलं. आपण मर्यादा मोडली. एकदा मोडली, ती परत मोडायची नाही. सूर्य उगवेपर्यंत नदी ओलांडायची नाही. म्हणून ते जागा झाडून बसले. पाणी पायाशी आलं तरी बसून राहिले.

"मग हात धरून ओढलं का नाही त्यांना?" रूपल कळवळून म्हणाली. "बेबाबाई, हाताला धरून ओढायचं होतं!"

"महाराजले बाईमानूसनी हात लावाना नही, बठ्ठा गावले मालूम शे," ती म्हणाली. "मी कसा हात लाऊ, वहिनी? मी पाया पडनू नि घर निंघी गयू."

रूपलने तिला पाणी आणून दिलं. तिला काय दोष देणार? रूपल तरी संवत्सरीच्या सकाळी खोटं कुठे बोलली होती?

इथे गोष्ट संपायला हवी होती. व्रताचा पक्का माणूस, सूर्य उगवल्यावर घरी आला, ओट्यावर बसला, सुटला. जिनेशने स्वतःची तशीच समजूत घातली होती. मीही घातली असती.

पण चौथ्या दिवशी, दुपार कलली आणि…

टक… टक…

बाबूजींच्या रिकाम्या खोलीतून आवाज निघाला. ओसरीतून गेला. दाराशी थोडा थांबला, ते थांबायचे तसा. मग गल्लीने नदीकडे निघाला.

रूपल ताडकन उठली आणि मागोमाग गेली.

तेव्हापासून रोज. विक्रम स्वतः येऊन यंत्र धुळ्याला घेऊन गेला, उघडून बघितलं. चारपाच दिवस त्याच्या टेबलावर चालू ठेवलं. तिथे ते एकदाही वाजलं नाही. परत आणून रूपलच्या हातात दिलं आणि दाराबाहेर पडायच्या आत वाजलं. विक्रमने चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवसापासून तो कुणासाठी पट्टे बनवत नाही, असं ऐकलंय.

मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, माझ्या कानांनी ऐकलंय. उन्हाळा होता, नदी कोरडी ठाक. फरशीच्या मधोमध यंत्र कर्कश वाजायला लागलं. रूपलने हात पुढे केला, कोपरात किंचित वाकवून, म्हाताऱ्या माणसाचा हात धरतात तसा.

"बाबूजी, गाड्या गेल्या. चला घरी."

आणि आम्ही परतलो. सावकाश. ती थांबली की मी थांबायची. सबंध वाटभर आवाज तिच्या बाजूला होता. मी मात्र दुसऱ्या बाजूने चालत होते.

"रोज कशाला जातेस?" घरी आल्यावर मी तिला रागावले. "यंत्र टाक त्या नदीत. किती दिवस करणार हे?"

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "ताई, मला वाटायचं, मेल्यावर तरी हा आजार सुटत असेल. सगळं आठवत असेल माणसाला. तसं नाहीये. त्यांना अजूनही घर सापडत नाही. मी गेले नाही तर ते तिथेच उभे राहतात. रात्रभर. एकदा ताप होता म्हणून नाही गेले, तर सकाळपर्यंत यंत्र नदीकडूनच वाजत होतं."

थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "माझ्यानंतर त्यांना कोण परत आणणार गं?"

 मी विषय बदलला. अजून स्वतःचा राग येतो त्याचा.

आता हे सगळं मी आजच का लिहायला बसले, ते सांगते.

यंदाही भाद्रपदात बोरीला पाणी आलं. परवा संवत्सरी झाली. काल संध्याकाळी जिनेशचा फोन आला. रूपल दुपारपासून घरी नाही. फरशीवर पाणी आहे. काठावर तिच्या चपला सापडल्या, एका बाजूला नीट काढून ठेवलेल्या. बेबाबाईने लांबून तिला पाण्यात उतरताना पाहिलं. हात पुढे केलेला होता म्हणे, कोपरात वाकवलेला. यंत्र मात्र ती घरीच ठेवून गेली होती. अजून शोध चालू आहे. अजून काही सापडलेलं नाही.

आज पहाटे त्याने परत फोन केला. मी म्हटलं, "काही कळलं?"

 मागून यंत्राचा आवाज येत होता. मी तो ओळखते. पण आज तो वेगळा होता, एकात एक अडकलेला.

टक-टक… टक-टक…

"ताई," जिनेश म्हणाला, "दोन आवाज येतायत. दोन्ही नदीवरूनच. मी कुणाचा तरी हात धरून आणीन हो घरी, पण…"

त्याला रडू फुटलं.

"यातला तिचा कुठला, तेच मला ओळखता येत नाहीये."

मी अमळनेरला निघाले आहे. एसटीत बसून लिहिते आहे. पारोळा मागे पडलं. तिथे पोचल्यावर जिनेश ते यंत्र माझ्या हातात देईल, हे मला माहीत आहे. आणि ते घ्यायला माझा हात पुढे होईल की नाही, हे अजून माहीत नाही.